पोटगी आणि 'इतर' उत्पन्न

घटस्फोटाच्या बोलण्यात टॅक्स कुणी काढत नाही. मूल कुणाकडे, दागिने कुणाचे, फ्लॅट कुणाच्या नावावर, याची भांडणं तासन्तास चालतात. माझ्याही बाबतीत पोटगीचा आकडा ठरला होता, महिना 30,000. आई म्हणाली, दर महिन्याला पैसे आले की धीर राहतो. मलाही ते पटलं होतं. मग सीए मैत्रिणीने हिशोब मांडला.

आपल्या आयकर कायद्यात पोटगीसाठी वेगळी तरतूद नाही. त्यामुळे आधार कोर्टाच्या निकालांचा. मुंबई उच्च न्यायालयाने प्रिन्सेस महेश्वरी देवी यांच्या प्रकरणात सांगितलं, की एकरकमी पोटगी ही भांडवली रक्कम, तिच्यावर कर नाही. दरमहा येणारी पोटगी मात्र उत्पन्न, तिच्यावर कर आहे. देणाऱ्याला वजावट मिळत नाही. म्हणजे त्याच्या पगारावर एकदा कर जातो आणि तेच पैसे माझ्याकडे आले की पुन्हा. रिटर्नमध्ये रकाना कोणता? 'इतर स्रोतांपासूनचे उत्पन्न'. एफडीच्या व्याजाच्या शेजारी.

माझा पगार वर्षाला 11 लाख. 2025-26च्या नव्या करप्रणालीत माझा कर शून्य. त्यात पोटगीचे 3 लाख 60 हजार मिळवले, की सेससकट कर 91,260. म्हणजे तीन महिन्यांची पोटगी सरकारजमा. जिचं सगळं मिळून उत्पन्न 12 लाखांच्या आत आहे, तिला ही झळ लागत नाही. नोकरी करून पोटगी घेणारीला लागते.

मला रकमेपेक्षा तो 'इतर' शब्द जास्त लागला. त्याच्या बदल्यांमागे मी पाच वर्षं नोकरी सोडून फिरले. त्या पाच वर्षांत हुकलेल्या बढत्यांची ही थोडीशी भरपाई. एकत्र दिली तर ती भरपाई राहते, हप्त्याने दिली तर कमाई होते. पैसा कशासाठी दिला, याला महत्त्व नाही. कसा दिला, याला आहे.

म्हणून एकरकमीच घ्यावी का? तेही सरळ नाही. दरमहाची पोटगी परिस्थिती बदलली तर कोर्टाकडून वाढवून मागता येते. मी पुन्हा लग्न केलं तर ती बंदही होऊ शकते. एकरकमी घेतली की विषय संपला, पुढे महागाई वाढली तरी. शिवाय ती रक्कम एफडीत टाकली तर व्याजावर कर आहेच.

मी एकरकमी घेतली आणि माझ्या घराच्या कर्जात भरली. हप्ता कमी झाला, आणि दर महिन्याच्या एक तारखेला त्याच्या नावाचा मेसेज येत नाही. या दुसऱ्या गोष्टीची किंमत कुठल्याच हिशोबात नव्हती.

तुमच्यावर किंवा मैत्रिणीवर ही वेळ आली, तर कन्सेंट टर्म्सवर सही करण्याआधी एक तास सीएसोबत बसा. आकडा ठरवताना करानंतर हातात किती उरेल, ते विचारा. यात लोभी दिसण्यासारखं काही नाही.