स्टँडवर न दिसणारा बिघाड

वेताळ टेकडीवरून पाषाणच्या अंगाला उतरताना एके ठिकाणी काळ्या दगडाची गुडघाभर उंचीची पायरी लागते. गेल्या पावसाळ्यानंतर त्या पायरीवर दर वेळी एकच प्रकार व्हायचा. मागचं चाक खाली आदळलं, सस्पेन्शन दबलं की चेन आपली आपण मोठ्या चक्रीवर उडी मारायची. पायाखालचा जोर एकदम नाहीसा व्हायचा आणि पॅडल रिकामं फिरायचं. सपाट रस्त्यावर हे चालून जातं. दगडांत, पॅडलवर उभं राहून उतरताना नाही. तिसऱ्या खेपेला मी पडलो आणि कोपर चांगलंच सोलवटलं.

ज्या दुकानात नवी गिअर केबल टाकून घेतली होती, तिथेच सायकल पुन्हा नेली. त्यांनी ती स्टँडला टांगली, पॅडल फिरवलं, अकराच्या अकरा गिअर खटाखट पडले. चेन सरकवणारा डिरेलर ज्यावर बसतो तो हँगर वाकलाय का तेही पाहिलं. तो सरळ होता. ॲडजस्टर अर्धा फेरा फिरवून सायकल परत दिली. टेकडीवर गेलो, पुन्हा तेच. असं दोनदा झालं. त्यांनी तपासायचं ते नीट तपासलं होतं, पण स्टँडला टांगलेल्या फुल सस्पेन्शन सायकलचं मागचं चाक लोंबकळत असतं, शॉक पूर्ण ताणलेला असतो. माझा बिघाड शॉक दबल्यावरच व्हायचा. टांगलेल्या सायकलीत तो सापडणं शक्यच नव्हतं.

मग एका रविवारी सकाळी सायकल घरीच गच्चीवर घेतली. शॉकमधली हवा मोजली, 170 पीएसआय हा आकडा खडूने भिंतीवर लिहिला आणि हवा हळूहळू सोडली. हळूहळू हे महत्त्वाचं आहे. भसकन सोडली तर आतल्या दुसऱ्या कप्प्यातली हवा अडकते आणि शॉक दबलेलाच राहू शकतो. हवा गेल्यावर मी सीटवर बसलो, तशी सायकल पार तळाला टेकली. अकरा वर्षांची लेक टॉर्च घेऊन मागच्या चाकाशी उकिडवी बसली होती.

‘‘बाबा, टोपी बाहेर आली! ऊठ बरं. हां, आत गेली. परत बस.’’

टोपी म्हणजे केबलच्या आउटरच्या, बाहेरच्या आवरणाच्या, टोकावर बसवतात ती. मी उतरलो आणि लेकीला सीटवर जोर देऊन दाबायला सांगितलं. डिरेलरच्या ॲडजस्टरमध्ये घट्ट बसलेली टोपी पुढे ओढली जात होती आणि तिथे ज्वारीचा दाणा मावेल एवढी फट पडत होती. माझ्या अकरा गिअरच्या सायकलीत एक गिअर बदलायला केबल साधारण साडेतीन मिलिमीटर सरकते. म्हणजे त्या एका फटीत अख्खा गिअर होता. आउटर पुढे ओढला गेला तरी आतली तार तेवढीच लांब राहते. फट पार करायला ती ताणली जाते, आणि ताण वाढला की डिरेलर चेनला मोठ्या चक्रीवर ढकलतो. शिफ्टरला बोटही न लावता गिअर बदलत होता तो असा.

आउटर का ओढला जात होता, तेही लगेच दिसलं. फ्रेमचा पुढचा भाग आणि मागचा स्विंगआर्म बिजागरासारखे जोडलेले असतात. शॉक दबला की माझ्या सायकलीत बिजागराच्या अलीकडची आणि पलीकडची केबल टाय एकमेकींपासून लांब जातात. दोन्हींच्या मध्ये आउटरला थोडी ढील हवी. इथे तो दिसायला नीटनेटका राहावा म्हणून आखूड कापून दोन्हीकडे करकचून बांधला होता. मागे सस्पेन्शन नसलेल्या हार्डटेल सायकलला अशी बांधणी शोभते आणि चालतेही.

नवा आउटर आणला, 4 मिलिमीटरचा, गिअरचाच. ब्रेकचा आउटर स्प्रिंगसारखा गुंडाळलेला असतो, दाबाखाली किंचित आखडतो. गिअरच्या आउटरमध्ये तारा लांबीच्या दिशेने असतात, म्हणून तो लांबी धरून ठेवतो. पहिल्यांदा जुन्यापेक्षा सहा बोटं जास्त ठेवला, तर सायकल सरळ उभी असताना बिजागराजवळचा फुगा क्रँकला घासू लागला. मग दोन बोटं कमी केला. कापताना पक्कड वापरली नाही, केबल कटरच घेतला. पक्कडीने तोंड चेपतं. तरीही आतली प्लॅस्टिकची नळी मिटली होती, ती दाभणाने गोल उघडली आणि टोक कानसीवर सपाट केलं. या पाच मिनिटांचा कंटाळा कुणी करू नये. तोंड तिरपं राहिलं तर टोपी नीट टेकत नाही आणि कितीही ॲडजस्टर फिरवला तरी गिअर कुरकुरत राहतात.

बिजागराच्या दोन्ही बाजूंच्या टाय आता सैल आहेत, आउटर त्यांच्यातून सरकू शकतो. तो जिथे फ्रेमला घासत होता तिथला रंग उडून ॲल्युमिनियम उघडं पडलं होतं. पावसाळ्यातला मुरूम मध्ये अडकला की पॉलिश पेपरसारखं काम करतो. तिथे जाड पारदर्शक टेप लावली.

हवा पुन्हा भरण्याआधी शॉक दहा-बारा वेळा तळापर्यंत दाबून पाहिला. हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवूनही पाहिलं, कारण पुढची ढील कमी असली तर तिथेही हीच ओढ लागते. लेक दर वेळी टोपीवर टॉर्च धरून ‘‘आतच आहे’’ म्हणत होती. मग 170 भरले. डिरेलरचा बी-स्क्रू मात्र मी सीटवर बसल्यावर, शॉक माझ्या वजनाने दबलेला असताना, तिच्याकडून फिरवून घेतला. हा स्क्रू डिरेलरची वरची छोटी चक्री आणि मागच्या चाकावरची कॅसेट यांतलं अंतर ठरवतो, आणि ते बसल्यावर बदलतं.

पुढच्या रविवारी त्याच पायरीवरून पाच वेळा उतरलो. पाचही वेळा चेन होती त्याच चक्रीवर राहिली. घरी आल्यावर लेकीने आधी टॉर्च काढला, खाली वाकली आणि टोपी जागेवर आहे याची स्वतः खात्री करून घेतली.