रेघेबाहेरची माणसं

लहानपणीच्या खेळांतल्या दोन माणसांची मला नेहमी गंमत वाटत आली आहे. पहिला म्हणजे लिंबूटिंबू. तो डावात असतो आणि नसतोही. त्याला बाद केलं तरी तो बाद होत नाही, आणि त्यानं कुणाला शिवलं तरी कुणी मनावर घेत नाही. दुसरा म्हणजे बाद होऊन कडेला बसलेला गडी. रडीचा डाव खरा खेळतो तो हा दुसरा! आत धावणाऱ्याला बिचाऱ्याला लबाडी करायला फुरसत कुठली? त्याला धाप लागलेली असते, घाम डोळ्यांत उतरलेला असतो. कडेला बसलेल्याचा दम मात्र शाबूत, डोळे शाबूत आणि हात रिकामे. 'ए, त्याचा पाय रेघेला लागला! मी पाहिलं!' ही आरोळी नेहमी बाहेरूनच येते. आणि पळणाऱ्याच्या वाटेत अगदी 'चुकून' पुढं होणारा पायही बाहेरचाच असतो.

हे सारं पोराटोरांचं आहे, मोठेपणी माणूस सुधारतो, असा माझा समज होता. गेल्या दिवाळीच्या सुटीत मी मामेभावाकडे बॉस्टनजवळ पंधरा दिवस राहून आलो, आणि त्या समजाला चांगलाच तडा गेला. माझा हा दादा अभियंता आहे. शिकायला म्हणून तिकडे गेला आणि तिथलाच झाला. देवावर त्याची फारशी श्रद्धा नाही. पण न्यू इंग्लंड पेट्रियट्स नावाच्या फुटबॉल संघावर आहे. वहिनी जन्मानं न्यू जर्सीच्या. जेट्स हा संघ नाव न्यूयॉर्कचं लावतो आणि घरचे सामने न्यू जर्सीत खेळतो, म्हणून त्यांचं दैवत जेट्स. सासर पेट्रियट्सचं आणि माहेर जेट्सचं! शरद ऋतूतल्या रविवारी त्या घरात पोहे कुणी करायचे यावरून नव्हे, तर कोणत्या संघानं कधी लबाडी केली यावरून वाद होतात. त्या वादांतच मी हा खेळ शिकलो.

याचं नाव फुटबॉल असलं तरी पायाचा संबंध थोडाच. चेंडूही तोंडल्यासारखा दोन्ही टोकांना निमुळता. अकरा-अकरा गडी समोरासमोर उभे राहतात. चेंडू ज्यांच्याकडे असेल त्यांनी चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढं सरकायचं. सरकले तर आणखी चार प्रयत्न, नाही तर चेंडू दुसऱ्यांचा. गोलरेषांमधलं मैदान १०० यार्ड लांब, ५३ यार्डांहून किंचित अधिक रुंद, आणि त्याला सहा फूट रुंदीची पांढरी किनार. किनारीच्या आत बावीस माणसं. बाहेर मात्र प्रशिक्षक, त्यांचे मदतनीस, राखीव गडी, डॉक्टर, पाणी देणारे, चेंडू सांभाळणारे, कॅमेरेवाले असा सारा गोतावळा. एखाद्या कार्यात जेवणाऱ्यांपेक्षा पंक्तीवर देखरेख करणारेच जास्त असावेत, तसा हा प्रकार! त्या पांढऱ्या किनारीवर या मंडळींनी खेळ चालू असताना पाऊल टाकायचं नाही, असा नियम आहे. आणि या खेळातल्या कितीतरी गाजलेल्या भानगडी त्या किनारीवर किंवा तिच्या बाहेरच जन्मल्या आहेत.

१२ डिसेंबर २०१० ची गोष्ट घ्या. जेट्सचा सामना मायामीच्या डॉल्फिन्सशी होता. डॉल्फिन्सनी चेंडू लाथाडून दूर पाठवला. अशा वेळी चेंडू झेलणाऱ्याला गाठायला एक चपळ गडी मैदानाच्या अगदी कडेनं सुसाट धावत जातो. त्या दिवशी नोलान कॅरोल हा तरुण धावत होता. जेट्सच्या बाजूला किनारीला लागून त्यांची माणसं खांद्याला खांदा लावून उभी होती. त्यांत सॅल अलोसी हे खेळाडूंकडून व्यायाम करवून घेणारे प्रशिक्षक होते. कॅरोल शेजारून जाताना अलोसींचा गुडघा पुढं आला आणि तो पोरगा कोसळला. सुदैवानं तो उठून पुन्हा खेळला. अलोसींनी त्याची माफी मागितली. संघानं त्यांना २५,००० डॉलरचा दंड करून उरलेल्या मोसमापुरतं घरी बसवलं. पुढं उघड झालं, की ती भिंत आपोआप झालेली नव्हती. धावणाऱ्याला लांबचा वळसा पडावा म्हणून अलोसींनीच त्या दिवशी न खेळणाऱ्या गड्यांना तिथं उभं केलं होतं. मग निलंबन बेमुदत झालं, लीगनं जेट्सला १ लाख डॉलरचा दंड केला, आणि जानेवारी २०११ अखेर अलोसींनी राजीनामा दिला. एवढं करून सामना जेट्स ६-१० असा हरलेच.

अलोसी स्वतः महाविद्यालयात असताना हा खेळ खेळलेले होते. मला त्या गोष्टीचा उलगडा तिथं होतो. जो कधीच खेळला नाही तो बाहेर स्वस्थ बसू शकतो. पण ज्याच्या पायांना अजून खेळ आठवतो आणि ज्याला आता फक्त पाहायचं आहे, त्याच्या गुडघ्याचा भरवसा कुणी द्यावा?

तीन वर्षांनी, २८ नोव्हेंबर २०१३ ला, बाल्टिमोरमध्ये याहून मोठा माणूस किनारीवर सापडला. पिट्सबर्ग स्टीलर्सचे तेव्हाचे मुख्य प्रशिक्षक माइक टॉमलिन मैदानाकडे पाठ करून किनारीवर उभे होते. मागून बाल्टिमोरचा जकोबी जोन्स चेंडू घेऊन वाऱ्यासारखा येत होता. शेवटच्या क्षणी टॉमलिन बाजूला झाले. पण त्यांचा एक पाय तेवढ्यात मैदानात पडून गेला होता. जोन्सला जरासं वळावं लागलं आणि ७३ यार्डांवर त्याला मागून पकडलं. टॉमलिन म्हणाले, मी मैदानावरच्या मोठ्या पडद्यावर तीच धाव पाहत होतो, कुठं उभा आहे याचं भान राहिलं नाही. चूक त्यांनी कबूल केली आणि १ लाख डॉलर भरले. तो पाय नकळत पडला की जाणूनबुजून, हे त्या पायालाच ठाऊक. पण गंमत अशी, की पिट्सबर्गच्या लोकांना तो नकळत पडलेला दिसला आणि बाल्टिमोरच्या लोकांना मुद्दाम टाकलेला. पाय एकच, चित्रफीत एकच. बघणारेही सारे रेघेबाहेरचेच!

माझ्या मुक्कामात वहिनींनी अलोसींचा विषय निघाल्यावर सांगितलं, "भावजी, तो मुलगा मुळात किनारीबाहेर धावत होता, हे कुणी बोलत नाही." दादा हसला. मग वहिनींनी त्याच्या संघाचं दप्तर उघडलं.

त्यातलं पहिलं पान १२ डिसेंबर १९८२ चं. तीच तारीख, आणि भरडले गेले तेही मायामीचेच! तो दिवस त्यांनी पंचांगात पाहून घरी बसावं हे बरं. हिमवादळानं पेट्रियट्सचं मैदान पांढरंफटक झालेलं, दोन्ही बाजूंचे गुण शून्य. खेळ संपायला पाच मिनिटंही उरली नव्हती. पेट्रियट्सचा गडी चेंडू लाथाडून तीन गुण मिळवायच्या तयारीत होता. तेवढ्यात कडेनं फिरता झाडू लावलेला एक ट्रॅक्टर आला. यार्डांच्या रेघा दिसाव्यात म्हणून तो फिरतच असे. पण या वेळी तो वाट वाकडी करून नेमकी चेंडू ठेवायची जागा झाडून गेला. सामना ३-० असा सुटला. ट्रॅक्टर चालवणारा होता तुरुंगातून कामापुरता बाहेर सोडलेला एक कैदी! नियमात याला बंदी नव्हती. ती मागाहून आली. तो ट्रॅक्टर आता फॉक्सबरोला संघाच्या संग्रहालयात आहे. दादानं मला तिथं नेऊन तो दाखवला, आणि तोही एखाद्या किल्ल्यावरची तोफ दाखवावी तशा अभिमानानं.

दुसरं पान ९ सप्टेंबर २००७ चं, आणि ते वहिनींच्या वर्मावरचं. जेट्सचे प्रशिक्षक कडेला उभे राहून हातवाऱ्यांनी आपल्या बचावाच्या गड्यांना खुणा करत होते, आणि पेट्रियट्सचा माणूस आपल्या कडेवरून त्या खुणांचं चित्रण करत होता. खुणा नुसत्या डोळ्यांनी टिपायला हरकत नाही. कडेवरून त्यांचं चित्रण करणं हा गुन्हा. प्रशिक्षक बिल बेलिचिक यांना ५ लाख डॉलर आणि संघाला अडीच लाख डॉलर दंड झाला. शिवाय नवे खेळाडू निवडण्याच्या पहिल्या फेरीतला हक्कही गेला. त्या मोसमात पेट्रियट्सनी साखळीतले सोळाच्या सोळा सामने जिंकले आणि अंतिम सामना १४-१७ असा गमावला. २००८ पासून बचावाच्या एका गड्याच्या शिरस्त्राणातही रेडिओ बसवू दिला. खुणांची कटकटच बरीचशी मिटली.

तिसरं पान चेंडूतल्या हवेचं. चेंडूतला दाब चौरस इंचाला साडेबारा ते साडेतेरा पौंड हवा, असा नियम. १८ जानेवारी २०१५ च्या सामन्यात मध्यंतराला पेट्रियट्सचे अकरा चेंडू तपासले. सगळे कमी भरले! दाब कमी असला की चेंडू पकडायला सोपा. इथं दादानं कागद-पेन्सिल घेतली. खोलीत भरलेला चेंडू थंडीत नेला की दाब आपोआप उतरतो, हे त्यानं मला समीकरण मांडून पटवलं. वहिनींनी शांतपणे विचारलं, "आणि चेंडू सांभाळणारा गृहस्थ सगळी पिशवी घेऊन एक मिनिट चाळीस सेकंद स्वच्छतागृहात गेला, तो कशाला? चेंडूंनाही घाई झाली होती?"

चौकशीचा निष्कर्ष असा निघाला, की लबाडी घडली नसण्यापेक्षा घडली असण्याचा संभव अधिक. टॉम ब्रेडीला चार सामन्यांची बंदी झाली. न्यायालयानं ती उठवली, वरच्या न्यायालयानं पुन्हा बसवली, आणि २०१६ मध्ये ती भोगून त्यानं त्याच मोसमाचं अजिंक्यपद मिळवलं. मूळ सामना ४५-७ असा एकतर्फी होता. मध्यंतरानंतर नीट भरलेल्या चेंडूंनी तर पेट्रियट्सनी २८ गुण केले आणि समोरच्यांना एकही करू दिला नाही. दादा म्हणतो, "बघ, आम्हांला लबाडीची गरजच नव्हती." वहिनी म्हणतात, "तेच तर!"

दादाची दोन वाक्यं माझ्या कानांत राहिली आहेत. पहिलं, "आम्ही काही केलं नाही." आणि दुसरं, "सगळेच करतात." एकाच श्वासात! तर्कशास्त्राच्या परीक्षेत या उत्तराला भोपळाच मिळेल. पण तो खोटं बोलत नव्हता. त्याच्या आवाजात दुखावलेपण होतं. परक्या देशात, हिवाळ्यातल्या एकट्या रविवारांत त्याला पहिल्यांदा 'आपलं' म्हणावं असं जे काही मिळालं, ते हा संघ. आपल्या आनंदाचा चेंडूच कमी हवेचा होता, असं कुणी म्हटलं तर माणसानं काय करावं?

एक गोष्ट मात्र मला दिसू लागली. गुडघा व्यायामवाल्याचा, पाय प्रशिक्षकाचा, ट्रॅक्टर कैद्याचा, कॅमेरा मदतनिसाचा, पिशवी चेंडू सांभाळणाऱ्याची. त्यांतला कुणीही मैदानात खेळत नव्हता. आतला माणूस आपली जिंकायची इच्छा धावून, पडून, धडकून खर्च करू शकतो. बाहेरच्याची इच्छा खर्चच होत नाही. ती साठत जाते, आणि मग कुठून तरी वाट काढते. कुणाच्या गुडघ्यातून, कुणाच्या नुसत्या जिभेतून.

अमेरिकन लोक व्यवहारी. त्यांनी यावर एक नामी उपाय शोधला आहे. पुष्कळ संघांत प्रशिक्षकाला मागं ओढायला एक वेगळा माणूस नेमलेला असतो. लॉस अँजेलिस रॅम्सचे शॉन मॅक्वे उत्साहाच्या भरात किनारीवर जातात आणि मागचा माणूस त्यांना कंबरेला धरून अलगद मागं घेतो, अशी २०१८ च्या मोसमातली चित्रफीत दादानं मला दाखवली. मॅक्वेंचं मागं लक्षही नव्हतं. मी पोट धरून हसलो.

निघण्याच्या आदल्या रविवारी सकाळी पुतण्याचा सामना होता. अकरा वर्षांची मुलं. एकमेकांना पाडायचं नाही, कमरेची पट्टी ओढली की गडी थांबला. आईबापांनी दोरीमागं उभं राहायचं. सुरुवातीला दादा दोरीमागं होता. मग दोरीला टेकला. मग "डावीकडे! अरे डावीकडे!" करत त्याचा एक पाय दोरीपलीकडे गेला. चेंडू हवेतून येत होता आणि पुतण्या चेंडूकडे न बघता बापाच्या तोंडाकडे बघत होता. चेंडू त्याच्या खांद्याला लागून खाली पडला. "पंच झोपलेत का? त्या पोरानं ढकललं त्याला!" दादा ओरडला. ढकललं कुणीच नव्हतं. पुतण्याची मान खाली गेली. पडलेल्या चेंडूपेक्षा त्याला त्या आरोळीची लाज वाटत होती, हे मला दोरीमागून दिसत होतं.

वहिनी काही बोलल्या नाहीत. त्यांनी मागून दादाच्या कोटाचं टोक धरलं आणि अलगद ओढलं. दादाचं मागं लक्षही नव्हतं. पण पाय मात्र मुकाट्यानं दोरीच्या अलीकडे आला. पुढच्या डावाला पोरांनी रांगा धरल्या. पुतण्यानं एकदा दोरीकडे पाहिलं, दोघंही मागं उभी आहेत अशी खात्री करून घेतली, आणि मग चेंडूकडे पाहिलं.

वहिनींनी कोट सामना संपेपर्यंत सोडला नाही.