नेमगिरीच्या वाटेवरचे गाठोडे

परभणीहून उत्तरेकडे निघाले की तासाभरात जिंतूर येते. दुतर्फा काळीभोर जमीन, कापूस, सोयाबीन आणि तूर. गाव मागे टाकताच समोर टेकड्या. त्यांतील नेमगिरीच्या गुहामंदिरांचे दर्शन आपल्यापैकी अनेकांनी घेतले असेल. दारे इतकी ठेंगणी की वाकल्यावाचून आत जाता येत नाही. आत मात्र मान उंचावून पाहावी लागते, अशी नेमिनाथ भगवंतांची भव्य मूर्ती. जवळच्याच गुहेत इवल्याशा दगडावर तोललेले अंतरिक्ष पार्श्वनाथ. या क्षेत्राविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. मला सांगायचे आहे ते दर्शन आटोपून जिंतुरातील आजोबांच्या जुन्या घरी, म्हणजे आता जेथे आत्या राहतात तेथे, उतरलो त्या दुपारविषयी.

जेवण झाल्यावर आत्यांनी माळ्यावरचे एक गाठोडे पुढ्यात ठेवले. “घर पाडायचे ठरले आहे. दादांच्या वह्या तू घेऊन जा. हे उर्दू कागद मात्र रद्दीत घालते. वाचणार कोण?”

प्रश्न खरा होता. सप्टेंबर 1948 पर्यंत परभणी जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. कचेरीचा कारभार उर्दूत, वरच्या वर्गांचे शिक्षण उर्दूत. 1918 साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही उर्दूच. त्यामुळे आजोबा घरात मारवाडी, शेतकऱ्याशी मराठी आणि कचेरीत उर्दू बोलत. वही महाजनीत लिहीत. वडिलांना उर्दू समजत असे, वाचता येत नसे. माझ्यापर्यंत ती पोहोचली ती केवळ चित्रपटांतील गाण्यांपुरती. पेढी तीच राहिली. भाषांचे भांडवल मात्र दोन पिढ्यांत आटले.

ते कागद मी परभणीच्या एका निवृत्त उर्दू शिक्षकांकडे नेले. बहुतेक पावत्या आणि अर्ज होते. एक कागद त्यांनी आधी मनात वाचला, मग मोठ्याने. ती वस्तूंची यादी होती, सप्टेंबर 1948 मधली. त्याआधी रझाकारांच्या भीतीने कितीतरी कुटुंबांनी घरे सोडली होती. पोलीस कारवाईनंतर तीच पाळी मुसलमान कुटुंबांवर आली. गावातील एका कापडविक्रेत्याने घर सोडताना तांब्याची भांडी, चांदीच्या पैंजणांचा जोड, एक शिवणयंत्र आणि दुकानाची किल्ली आजोबांच्या हवाली केली होती. खाली चार महिन्यांनंतरची तारीख घालून, निराळ्या शाईत त्याच हाताने लिहिले होते की सर्व वस्तू भरून पावलो.

“ये तो आपके दादाजी की सनद है,” गुरुजी म्हणाले. “और आप इसे रद्दी में डाल रहे थे?”

त्या कापडविक्रेत्याच्या नातवाचे दुकान आत्यांच्या गल्लीच्या तोंडाशीच आहे. वीस वर्षे मी त्यावरून जात होतो. एकदाही थांबलो नव्हतो. त्या दिवशी लाज वाटली ती याची. गुरुजींना म्हणालो, हा कागद तुम्ही वाचलात, त्या घरी तो मला स्वतः वाचून दाखवायचा आहे.

त्या रविवारपासून अलिफ, बे सुरू झाले. उजवीकडून डावीकडे लिहिताना हात अडखळे. बोलणे मात्र परके वाटेना. जमा, खर्च, बाकी, नफा, हिशेब, वसूल, दलाल हे आपल्या वहीतले रोजचे शब्द फारसी आणि अरबीतूनच आले आहेत. उलट, इकडच्या दखनी बोलीतला ‘नक्को’ आणि ‘मैंच’मधला ‘च’ या मराठीच्या देणग्या. दोन्ही बाजूंना जमा आहे आणि दोन्ही बाजूंना नावे.

वाचकहो, ही रीत आपल्या परंपरेला नवी नाही. शके 700 मध्ये जालोर येथे उद्योतनसूरींनी ‘कुवलयमाला’ पूर्ण केली. तिच्यात देशोदेशीचे व्यापारी एका बाजारात आपापल्या बोलीत बोलताना दाखविले आहेत; मरहट्टेही त्यांत आहेत. श्रवणबेळगोळ येथे गोमटेश्वरांच्या पायांशी चामुंडरायाचे नाव कन्नड, तमिळ आणि मराठी अशा तीन भाषांत कोरलेले आहे. यात्रेला येणाऱ्या प्रत्येकाला ते आपल्या भाषेत कळावे, एवढी काळजी त्या काळी घेतली गेली.

पाच महिन्यांनी मी त्या दुकानात गेलो. कागद उघडून अडखळत वाचू लागलो. तरुण मालक ऐकत राहिला आणि थोड्या वेळाने संकोचाने म्हणाला, “मला उर्दू वाचता येत नाही हो. मी मराठी शाळेत शिकलो.” दोघेही हसलो. मग त्याने मला आत, आपल्या वृद्ध आजीकडे नेले. मी पुन्हा पहिल्यापासून वाचले. दोन ठिकाणी त्यांनी माझा उच्चार सुधारला. ‘शिवणयंत्र’ येताच त्यांनी हात वर करून मला थांबविले आणि कोपऱ्याकडे बोट दाखविले. यंत्र तेथेच होते, स्वच्छ पुसलेले.

“मेरे ससुर बोलते थे, सेठजी ने इसमें तेल डाल के रखा था,” त्या म्हणाल्या. “कागज का हमको मालूमच नहीं था.”

आमच्या घरी कागद होता, पण आठवण नव्हती. त्यांच्या घरी आठवण होती, पण कागद नव्हता. मध्ये अंतर होते ते चार घरांचे आणि एका लिपीचे.

आता जिंतूरला गेलो की नेमगिरीहून उतरताना त्या दुकानी थांबणे ठरलेले आहे. त्या कागदाची एक प्रत त्यांच्याकडे आहे; मूळ कागद माझ्या पेढीवर, आजोबांच्या वहीत. यंदा क्षमावाणीच्या सकाळी पहिला दूरध्वनी आला तो गुरुजींचा. पाठ केलेले शब्द त्यांनी एकेक अक्षर जपून उच्चारले, “उत्तम क्षमा.” उत्तर मी उर्दूत दिले. त्यात एक चूक झाली, ती त्यांनी लगेच दुरुस्त केली.

आपल्या माळ्यावरही असे एखादे गाठोडे असेल. रद्दीत घालण्यापूर्वी ते वाचू शकणारा शेजारी शोधावा. आणि जमल्यास त्याच्याजवळ बसून चार अक्षरे गिरवावीत.