जिभेखालची गोळी

घरात कुणाला क्षय झाला तर आपण चार ठिकाणी विचारतो, डॉक्टर कोणता चांगला, औषध किती महिने घ्यायचं. पण घरातलं कुणी गर्दच्या नादी लागलं की पहिलं काम काय, तर खिडक्या लावून घ्यायच्या. शेजारी कळता कामा नये. त्यामुळे या रोगावरही औषध असतं, आणि ते सरकारी दवाखान्यात मिळू शकतं, ही साधी माहितीसुद्धा आपल्यापर्यंत पोचत नाही. पुण्याचं मुक्तांगण १९८६ साली सुरू झालं, डॉ. अनिता आणि अनिल अवचटांनी केलं, इतपत आपल्या सगळ्यांच्या कानावर असतं. गोळीच्या आधारानं व्यसन सुटतं, हे मात्र मी तोपर्यंत ऐकलंच नव्हतं.

माझे धाकटे दीर मोटारसायकलवरून पडले. पायात सळई घातली. दुखण्यावर दिलेल्या गोळ्या पाय बरा झाला तरी सुटल्या नाहीत. पुढे औषधवाला चिठ्ठीशिवाय द्यायला कुरकुर करू लागला, तेव्हा मित्रांनी गर्दची वाट दाखवली. पोळ्या गुंडाळायच्या चांदीच्या कागदाची गुंडाळी महिन्याऐवजी आठवड्यात संपू लागली, ही माझ्या स्वयंपाकघरातली पहिली खूण.

आधी त्यांना एका खासगी केंद्रात ठेवलं. नाव घेत नाही. एकवीस दिवस कुलपात, आणि डॉक्टर एकदाच फिरकले. नशा मिळाली नाही की अंग मोडतं, उलट्या-जुलाब होतात, झोप उडते, गर्दवाले त्याला ‘टर्की’ म्हणतात. ती त्यांनी तिथं नुसतीच सोसली. घरी आले, आठ दिवस छान होते, देवळातसुद्धा जाऊन आले. नवव्या दिवशी ह्यांना न्हाणीघराचं दार मोडावं लागलं. काही दिवसांच्या खंडानंतर शरीराची सवय गेलेली असते, तेव्हा पूर्वीचीच मात्रा श्वास बंद पाडू शकते, हे त्या रात्री इस्पितळात कळलं. वेळेवर नेलं म्हणून वाचले.

माझी शाळेतली नोकरी अर्धवेळ, दुपारी मी मोकळी. म्हणून पुढची धावपळ माझ्याकडे आली. वर्गातल्या एका मुलीची आई परिचारिका आहे. तिनं जिल्ह्याच्या रुग्णालयात चौकशी करायला सांगितलं. तिथं पहिल्याच खिडकीवर प्रश्न आला, “पेशंट सुईनं टोचून घेतो का?” नाही म्हटल्यावर, “मग इथं नाही, मनोविकार विभागात जा.” एड्स नियंत्रणाच्या कार्यक्रमातली केंद्रं टोचून घेणाऱ्यांना हे औषध मोफत देतात, बाकीच्यांनी मानसोपचार विभागात किंवा मान्यताप्राप्त व्यसनमुक्ती केंद्रात जायचं, असा तो सगळा घोळ. मला तो उलगडायला तीन खेपा पडल्या. केसपेपर काढला की निम्मं काम झालं असं आपल्याला वाटतं, तसं नसतं! आज कुणाला हीच चौकशी करायची असेल तर व्यसनमुक्तीची सरकारी हेल्पलाइन १४४४६ आहे, मानसिक आरोग्याची टेली-मानस १४४१६. दोन्ही मोफत. जवळ उपचार कुठं मिळेल, हे तिथं आधी विचारून घ्यावं.

औषधाचं नाव बुप्रेनॉर्फिन. गोळी गिळायची नाही, जिभेखाली ठेवून विरघळू द्यायची. तोवर बोलायचं नाही, पाणी प्यायचं नाही. पहिली गोळी देण्याआधी डॉक्टरांनी भावजींना बारा तास कोरडं राहून यायला सांगितलं. अंगात गर्द असताना ती घेतली तर टर्की एकदम उसळते म्हणे. त्या दिवशी बाकावर ते थरथरत बसले होते. नंबर यायला वेळ होता. “वहिनी, मी जातो,” असं तीनदा म्हणाले. “भावजी, एवढा नंबर होऊ द्या, मग जा,” असं मी तीनदा म्हटलं. गोळी दिल्यावर तासाभरात त्यांनी चहा मागितला. कित्येक महिन्यांत त्यांनी आपणहून काही खायला-प्यायला मागितलं नव्हतं.

सुरुवातीला रोज जायचं आणि परिचारिकेच्या समोर गोळी घ्यायची. विश्वास बसल्यावर काही दिवसांच्या गोळ्या घरी मिळू लागल्या. त्यांत नॅलोक्सोन नावाचं दुसरं औषधही मिसळलेलं असतं. कुणी गोळी विरघळवून टोचून घेतली तर ते आड येतं, जिभेखाली त्याचा फारसा परिणाम होत नाही. घरात माझी लहान मुलं, म्हणून गोळ्या कपाटात कुलपात असतात.

आणि मग सासूबाई. “एक नशा सोडवायला दुसरी लावली, हे कसलं औषध?” त्यांचं अगदीच खोटं नव्हतं. गोळी अफूच्याच गोतातली, आणि ती एकदम बंद केली तरी अंग दुखतं. डॉक्टरांनीही हे लपवलं नाही. ते म्हणाले, “आजी, गर्द चार-सहा तासांत उतरतो, मग माणूस तो शोधायला धावतो. ही चोवीस तास टिकते. मात्रा वाढवली तरी धुंदी एका मर्यादेपुढे चढत नाही. मुलगा कामावर जाईल, झोपेल, जेवेल. आपल्याला एवढंच हवंय ना?” सासूबाई तिथं काही बोलल्या नाहीत. घरी येऊन म्हणाल्या, “किती दिवस?” याचं उत्तर तारखेनं मिळत नाही. काहींना वर्ष लागतं, काहींना पुष्कळ वर्षं. घाईनं सोडणारे बरेचदा परत घसरतात, आणि तेव्हाच जीव जाण्याची भीती सर्वांत जास्त. जागतिक आरोग्य संघटनेनं २००५ साली हे औषध अत्यावश्यक औषधांच्या यादीत घातलं, हे मी त्यांना सांगितलं. त्यापेक्षा, भावजींनी पहिल्या पगारातून आणलेल्या आंब्याच्या पेटीचा परिणाम जास्त झाला.

गोळीनं सगळं होत नाही, हेही खरं. बद्धकोष्ठ होतं, घाम येतो. बरोबर दारू किंवा झोपेच्या गोळ्या घेतल्या तर जिवाला धोका असतो. समुपदेशनाला बसावं लागतं, आणि मित्र बदलावे लागतात. ते सर्वांत कठीण.

जाता जाता, दारूबद्दल. ‘नवऱ्याला न कळत चहातून द्या’ अशा पुड्यांच्या जाहिराती आपण वाचतो. त्यात काय असतं कोण जाणे! दारूवरचं डायसल्फिरम हे खरं औषध आहे. पण ते घेतलेला माणूस प्यायला तर उलट्या होतात, छाती धडधडते, रक्तदाब उतरतो. ते चोरून देणं म्हणजे जिवाशी खेळ. औषध माणसाला सांगूनच द्यायचं, मग ते कुठलंही असो.

ह्यांना पोलिसांची धास्ती होती. डॉक्टरांनी समजावलं, उपचाराला आपणहून येणाऱ्या व्यसनी माणसासाठी १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यात ६४-अ हे कलम आहे. थोड्या मालासाठी पकडला गेलेला माणूस उपचार घेत असेल आणि ते पुरे करत असेल, तर त्याला संरक्षण मिळू शकतं. आमच्यावर तशी वेळ आली नाही.

आता चौदा महिने झालेत. मात्रा थोडी कमी केली आहे, घाई नाही. गेल्या महिन्यात भावजींसाठी स्थळ आलं. मुलगी शिकलेली, घर चांगलं. गोळीचं सांगायचं की नाही, यावरून घरात दोन तट पडलेत. सासूबाई म्हणतात, लग्नानंतर बघू. मी म्हणते, पत्रिका पाहण्याआधी सांगायचं, आणि भावजींनी स्वतः सांगायचं. भावजी माझ्या बाजूला आहेत. येत्या रविवारी ती मंडळी यायची आहेत.