अंगणवाडीत घरची बोली

आमच्या माळशिरसच्या मोहल्ल्यात मूल तीन वर्षांचं झालं की घरात एकच चर्चा सुरू होते. अंगणवाडीत घालायचं की अकलूजच्या इंग्रजी नर्सरीत? ज्याची ऐपत आहे तो व्हॅन ठरवतो. ज्याची नाही तो 'निदान खाऊ तरी मिळेल' म्हणत लेकराला अंगणवाडीत पाठवतो. कसोटी मात्र दोघांची सारखीच असते : मूल लिहायला कधी लागणार? सहा महिन्यांत वहीत अ-आ-इ-ई दिसलं नाही तर ती शाळा बिनकामाची.

माझी भाची या कसोटीत नापास ठरली होती. घरी दिवसभर टकळी चालायची, अंगणवाडीत मात्र ती तोंड उघडत नव्हती. 'पोरगी मंद आहे का?' असं शेजारणी आपाला विचारू लागल्या. आपा रात्री रडायची.

त्याच सुमारास नव्या सेविकाताई आल्या. पहिला आठवडाभर त्यांनी शिकवण्यापेक्षा ऐकण्याचंच काम जास्त केलं. एकदा भाची हळूच म्हणाली, 'मेरेकू पानी होना.' ताईंनी तिची भाषा सुधारली नाही. 'पाणी हवंय? घे. और होना क्या?' एवढंच विचारलं. पोरगी हसली आणि त्या दिवसापासून बोलू लागली.

आमच्या घरांत दखनी बोलतात, बाहेर मराठी. मोठ्यांना या दोन भाषांत ये-जा करताना काही वाटत नाही, पण तीन वर्षांच्या मुलाला आपला शब्द इथे चालतो की नाही हेच कळत नाही, म्हणून ते गप्प बसतं. त्या गप्प बसण्याला आपण मंदपणा म्हणतो. ताई चित्राचा तक्ता दाखवून विचारत, 'याला तुमच्या घरी काय म्हणतात?' कुणी कांदा म्हणे, कुणी प्याज. ऊसतोडीच्या हंगामात टोळ्यांबरोबर आलेली मुलंही त्यांनी बसवून घेतली. त्यांचेही शब्द ऐकले गेले.

मग ताईंनी एक वही केली, प्रत्येक मुलाला एक पान. मार्क नाहीत, नंबर नाही, फक्त जे दिसलं ते. 'दहापर्यंत घडाघडा म्हणतो, पण पाच खडे मोजून देता येत नाहीत.' दुसऱ्या दिवसापासून त्याच मुलाकडे खिचडीच्या ताटल्या मांडायचं काम आलं, एका मुलापुढे एक ताटली. काही दिवसांत आकडा त्याच्या तोंडातून हातात उतरला.

लिहिणं त्यांनी मागे ठेवलं. मातीचे बैल करणं, चिंचोके वेचणं, मणी ओवणं, कागद फाडून चिकटवणं आधी. पेन्सिल धरायला बोटांत बळ लागतं आणि ते अशा कामांतून येतं. काही पालक चिडले, 'खेळायला घरी जागा नाही का?' ताईंनी वाद घातला नाही. जोहरच्या नमाजनंतर, बायकांना सवड असते त्या वेळी, एका अंगणात पालकसभा घेतली आणि प्रत्येक आईला तिच्या लेकराचं पान वाचून दाखवलं. 'आता गोष्ट ऐकून पुढे काय होईल ते सांगते,' हे भाचीच्या पानावर होतं. आपाने ते दोनदा वाचायला लावलं.

यात नवं काही नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं आणि 1957 मध्ये त्या कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. आदिवासी पाड्यांवरची मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा त्यांनी बालवाडीच पाड्यावरच्या अंगणात नेली. महागड्या साधनांऐवजी शिंपले, खडे, पानं, बिया वापरल्या. 'अंगणवाडी' या शब्दामागे तो प्रयोग आहे. मूल शिकत नसेल तर आधी शाळेने जागा बदलावी, असा त्याचा अर्थ.

2 ऑक्टोबर 1975 पासून देशात एकात्मिक बाल विकास योजना सुरू झाली आणि अंगणवाडी गावोगाव पोहोचली. 2022 च्या पायाभूत स्तराच्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यानेही तीन ते आठ वर्षांच्या मुलांसाठी खेळ आणि घरची भाषा यांवरच भर दिला. कागदावर सगळं आहे. पण सेविकेच्या दिवसात वजनं, लसीकरण, आहारवाटप, रजिस्टरं आणि मोबाईलवरच्या नोंदी आधी येतात. शिकवणं उरलेल्या वेळेत. आमच्या ताई मुलांची वही रात्री घरी बसून लिहायच्या, तेही तुटपुंज्या मानधनात.

भाची आता पहिलीत आहे. वाचताना अडखळते, पुन्हा वाचते आणि न कळलेलं विचारते. माझ्या मते हीच तिची प्रगती.

आपण मुस्लिम पालक शिक्षणावर जलसे घेतो, दहावी-बारावीच्या मुलांचे सत्कार करतो. दहावीपर्यंत न पोहोचलेली मुलं कुठे गळाली, हे मात्र तिथे कुणी विचारत नाही. त्यांतली काही पहिल्याच वर्षी गप्प झालेली असतात. म्हणून आपल्या वस्तीतल्या अंगणवाडीत एकदा जाऊन बसा. वही कुठे आहे, असं विचारू नका. माझं मूल इथे बोलतं का, कोणाशी आणि कोणत्या भाषेत, एवढं विचारा. आणि ताईंना त्यांच्या कामासाठी काय हवंय, तेही.