सेट होईल

"साहेब, नवीन माल आहे. हजार किलोमीटर चालवा, सेट होईल."

हे वाक्य मी तीन आठवड्यांत चार वेळा ऐकलं. चौथ्यांदा ऐकूनही मान डोलावून बाहेर आलो, त्याचा राग अजून गेलेला नाही.

गाडी 2014 ची स्विफ्ट. राहायला साताऱ्यात, गाव गुहागरजवळ, वर्षाला सहा-सात फेऱ्या. पाच माणसं आणि डिकीभर सामान घेऊन निघालं की प्रत्येक गतिरोधकावर पोट घासणार हे ठरलेलं. मागच्या स्प्रिंगांत रबरी बफर आधीच घातले होते. पुढचे शॉकअप गळायला लागले तेव्हा म्हटलं, कंपनीचे कशाला, बाहेरचे जरा उंच स्प्रिंगांचे घालू. पुढचा पूर्ण सेट 14,000 रुपये. सकाळी गाडी दिली, संध्याकाळी मिळाली.

त्याच संध्याकाळी पार्किंगमध्ये स्टेअरिंग पूर्ण वळवलं आणि पुढून आवाज आला, टुंग! तंबोऱ्याची सैल तार छेडावी तसा. कमी वेगात गतिरोधकावरून उतरताना एक वेगळाच 'कट्'. आवाजांचं काही नाही, जुनी गाडी वाजतेच. पण पोवई नाक्यावर डावीकडे वळलो आणि स्टेअरिंग परत येईना. एरवी वळण संपलं की ते हातातून आपोआप सरळ होतं. आता ते जिथे सोडावं तिथेच बसायचं, ओढून सरळ करावं लागायचं. हायवेला लागल्यावर गाडी डावीकडे खेचायची. मध्ये कुठे उजवं वळण घेतलं की मग उजवीकडे खेचायची!

हे मी गॅरेजमध्ये असंच्या असं सांगितलं होतं. ज्या बाजूला शेवटचं वळण, त्या बाजूला गाडी ओढते. निदान करायला याहून स्पष्ट काय हवं? अलाइनमेंट बिघडलं किंवा टायर खराब असला तर गाडी रोज एकाच बाजूला ओढेल. बाजू बदलते याचा अर्थ काहीतरी फिरायला हवं ते अडकतंय. पण हे आज कळतं. तेव्हा मी नुसता सांगणारा होतो आणि ते नुसते ऐकणारे.

मग अलाइनमेंट झालं. 600 रुपये. पडद्यावर सगळे आकडे हिरवे, त्याचा कागदही मिळाला. गाडी तशीच. पुन्हा अलाइनमेंट, पुन्हा हिरवा कागद. मग 'लिंक रॉड वाजतोय' म्हणून दोन्ही लिंक रॉड बदलले, 1,800. लिंक रॉडचा संशय असेल तर तो सोडवून, बांधून ठेवून गल्लीत हळूच एक चक्कर मारली की कळतं, आवाज त्याचा आहे का नाही. फुकटातली परीक्षा. ती कोणी केली नाही. तिसऱ्या अलाइनमेंटनंतर 'स्टेअरिंगचा रॅक गेला असेल' असं निघालं आणि किंमत शॉकअपच्या सेटहून जास्त सांगितली. मी गप्प. तेव्हा पुन्हा, "नाहीतर थोडी चालवून बघा, सेट होईल."

तशीच गाडी घेऊन गणपतीला निघालो, हा शहाणपणा माझा. कुंभार्ली घाटात पाऊस आणि धुकं. एका अवघड डाव्या वळणातून बाहेर येताना समोर एस.टी. दिसली, आणि स्टेअरिंग वळलेलंच. दोन्ही हातांनी ओढून सरळ केलं. मागे आई काही बोलली नाही. चिपळूण येईपर्यंत गाडीत कोणीच बोललं नाही.

गावी मोठा चुलतभाऊ आहे, बारा-तेरा वर्षं वडापची जीप चालवलेला. गौरी आलेल्या दिवशी, मांडवाशेजारीच, त्याने मला सीटवर बसवलं. स्वतः चाकाच्या वरून हात घालून, बोटं सांभाळत, तळवा स्प्रिंगवर टेकवला. "फिरव. थांब. आता उलटं." टुंग. "उडतेय बघ," म्हणाला, "वरचं बेअरिंग जाम आहे. स्प्रिंगला पीळ पडतोय."

दोन मिनिटं. त्यातही एक मिनिट हात पुसण्यात गेलं.

प्रकार साधा आहे. या गाड्यांत पुढचा शॉकअप चाकाबरोबर वळतो आणि त्याच्यावरची स्प्रिंगही. ती मोकळी फिरावी म्हणून वर, माउंटिंगच्या खाली, एक चपटं बेअरिंग असतं. ते अडकलं की स्प्रिंग पिळत जाते, ताण सहन होईना की टुंगकन सुटते आणि नव्या जागी बसते. मग तिला तीच जागा सरळ वाटते, म्हणून ती स्टेअरिंग तिकडे ओढते. अलाइनमेंटच्या मशीनवर स्टेअरिंग मधोमध धरून ठेवायला दांडा लावतात. तो दांडा लावल्यावर आकडे हिरवेच येणार!

चिपळूणला गॅरेज उघडल्यावर शॉकअप उतरवून खोलले. (हे घरी करून बघू नये. दाबलेली स्प्रिंग सुटली तर माणूस उरत नाही.) डाव्या बाजूचं बेअरिंग उलटं बसवलेलं होतं. त्याच स्प्रिंगचं खालचं टोक खाचेत न बसता बाहेर टेकलेलं, तोच तो 'कट्'. नवीन बेअरिंग, नवीन माउंटिंग, आणि चौथं अलाइनमेंट. स्प्रिंग बदलून गाडी उंच झाली की ते लागतंच, पण जोडणी नीट झाल्यावर.

इथवरची गोष्ट मी सगळ्यांना सांगतो. पुढची फारशी सांगत नाही. साताऱ्याला परतल्यावर तावातावाने गॅरेजमध्ये गेलो, उलटं बेअरिंग टेबलावर ठेवलं. मालकाने ते हातात घेतलं आणि म्हणाला, "साहेब, हे जुनं आहे. मी नवीन घाला म्हटलं होतं. तुम्ही म्हणालात जुनंच टाका, आणि संध्याकाळपर्यंत गाडी द्या, उद्या पुण्याला जायचंय."

म्हणालो होतो. दोन्ही. जुनं असो की नवं, उलटं बसवायला मी सांगितलं नव्हतं, हे उत्तर मला पोवई नाक्यावर पोचल्यावर सुचलं. अलाइनमेंटचे 1,800 आणि लिंक रॉडचे 1,800 मागायचे राहूनच गेले.

गाडी आता सुरेख चालते. पोट घासत नाही, खड्ड्यात आपटत नाही, घाटात कंपनीच्या शॉकअपपेक्षा घट्ट बसते. मागचे शॉकअप अजून जुनेच आहेत. त्यांचा भाव परवा त्याच गॅरेजमध्ये विचारून आलो. माउंटिंगसकट.