पाण्याआधीचा फोन

सांगलीच्या गावभागातल्या आमच्या घरात पूर आधी फोनवर येतो. मामा पाटणला असतो. जुलै-ऑगस्टात त्याचं नाव स्क्रीनवर दिसलं की आई हातातलं काम थांबवते. "आक्का, दरवाजं उचललं बघ. सामान वर घ्या." एवढंच बोलणं. कोयनेतून सोडलेलं पाणी कऱ्हाडला प्रीतिसंगमावर कृष्णेत मिसळतं आणि मग आमच्याकडे निघतं. पोचायला त्याला वेळ लागतो, आणि तेवढा वेळ आमचा. पुष्कळदा तेव्हा सांगलीत चक्क ऊन असतं. पाऊस कोसळतोय तिकडे घाटमाथ्यावर, महाबळेश्वर-नवजाला. इथं हरभट रोडवर बायका निवांत भाजी निवडून घेतायत. आई मात्र माळ्याला शिडी लावते.

मी पटकथा लिहितो, त्यातही थरारपट. या फोनपासून आपला सिनेमा सुरू होऊ शकतो, हे कळायला मला फार वर्षं लागली.

माझ्या पटकथेचा पहिला खर्डा उसाच्या फडात सुरू होत होता. रात्र, विजांचा कडकडाट, पळणारी बाई, वर उचललेला कोयता. निर्मात्याला तो आवडला होता. मला मात्र वाचताना दर वेळी काहीतरी टोचायचं. तो फड कुठलाही होता. वाळव्यातला असेल, मेरठचाही असेल. बाई कोण, ती कशाला पळते, हे माहीत नसल्यामुळे तिच्यासाठी जीव खालीवर होत नव्हता. नुसतं दचकायला होत होतं. दचकणं दोन सेकंदांत ओसरतं.

याबद्दल हिचकॉकने फ्रान्स्वा त्रुफोला सांगितलेला दाखला आमच्या धंद्यात सगळ्यांना पाठ असतो. टेबलाखाली बॉम्ब आहे आणि तो कुणालाच ठाऊक नाही, तर स्फोटाचा धक्का पंधरा सेकंदांचा. बॉम्ब आहे हे प्रेक्षकाला आधी सांगितलंत, तर टेबलावरच्या फालतू गप्पाही पंधरा मिनिटं श्वास रोखून ऐकल्या जातात. मी हा दाखला शेकडो वेळा ऐकला होता. पण माझा बॉम्ब कोयनेत आहे आणि माझं टेबल सांगलीत, हे डोक्यात उतरलं नव्हतं.

उलटी वाटही आहे, आणि तीही मोठी आहे. राजा परांजप्यांचा १९६४ चा 'पाठलाग' घ्या. जयंत देवकरांच्या 'आशा परत येते' या कादंबरीवरचा. नायकाची बायको वारते, आणि पुढे पोलिसांनी पकडलेली एक बाई म्हणते, मीच तुमची बायको. इथं प्रेक्षकाला नायकापेक्षा कणभरही जास्त ठाऊक नसतं. हे रहस्य झालं. 'मेरा साया' या नावाने १९६६ मध्ये ते हिंदीतही चाललं. पण माझा पिंड रहस्याचा नाही. मला प्रेक्षकाच्या हातात आधीच काहीतरी जड ठेवायचं असतं.

ते जड म्हणजे काय, हे मला 'सामना'ने शिकवलं. तेंडुलकरांची पटकथा, जब्बार पटेलांचं दिग्दर्शन. दारूत बुडालेला एक मास्तर साखरसम्राट हिंदुराव धोंडे-पाटलाच्या गावात येऊन पडतो आणि मारुती कांबळे नावाच्या माणसाचं काय झालं, एवढंच विचारत सुटतो. ते मास्तर झालेत श्रीराम लागू. त्या चित्रपटात बॉम्ब कुठे दाखवलाय? कुठेच नाही. कारखाना, वाडा, जीपगाडी आणि हिंदुराव झालेल्या निळू फुल्यांचं ते सावकाश बोलणं. पण आमच्या भागातल्या प्रेक्षकाला पक्कं ठाऊक असतं, की या गावात हा प्रश्न विचारायचा नसतो. ते त्याने आयुष्यभर पाहिलेलं असतं. ती भीती दिग्दर्शकाला निर्माण करावी लागत नाही, नुसती जागी करावी लागते.

म्हणून वाईच्या बाबतीत मला वाईट वाटतं, आणि हे मी मनापासून लिहितो आहे. 'गंगाजल', 'ओंकारा', 'दबंग' या सगळ्यांनी वाई परिसरात चित्रण केलं आणि पडद्यावर तो मुलूख बिहार-उत्तर प्रदेश झाला. 'ओंकारा'ची सुरुवात तर मी विद्यार्थ्यांना कितीदा दाखवली असेल. लंगडा त्यागी नवरदेवाची वरात अडवून बोलत राहतो आणि तिकडे नवरी पळवली जाते. जागा, माणसाचा विखार आणि पुढचं संकट, एका प्रसंगात. नमुनेदार काम. पण वाईच्या मातीला स्वतःचं जे ठाऊक आहे, ते तिथं कुणी विचारलेलं नाही.

माझ्या कथेतली माणसं मला २०१९ च्या ऑगस्टने दिली. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाची इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५. त्या वर्षी पाणी ५७ फुटांपर्यंत गेलं. मामाचा फोन आल्यावर घरात कुणी काय आधी उचललं, ते मला क्रमाने आठवतं. आईने रेग्युलेटर काढला, मग तांदळाचा डबा, मग लोणच्याची बरणी. बाबांनी सगळ्यात आधी पेटी उचलली. तिचा भाता ओला झाला तर मेला, म्हणाले, आणि धोतरात गुंडाळून छातीशी धरून शिडी चढले. गुडघा दुखत असताना. बाबा कोण आहेत हे सांगायला मला आणखी एकही संवाद लागणार नाही.

तेव्हा फड काढून टाकला. आता पहिल्या पानावर पाटणचा फोन आहे. फोन घेणारी म्हातारी 'बरं' म्हणते, घड्याळाकडे बघते आणि शिडी लावते. दुसऱ्या पानावर घरातले सगळे आपापल्या वस्तू माळ्यावर देतात, शाळेच्या वह्या, देव, शिलाई मशीन. मधल्या खोलीतला भाडेकरू आनंदाने मदत करतो. सगळ्यांचं वर चढवतो, स्वतःचं काहीच नाही. तिसऱ्या पानावर म्हातारी त्याच्या कॉटखालची ट्रंक ओढायला वाकते आणि तो हसत म्हणतो, "राहू दे आजी, ती खालीच बरी." म्हातारी ट्रंकेवरचा हात काढत नाही. चौथ्या पानावर पालिकेची गाडी भोंगा वाजवत गल्लीत शिरते. नदीकाठच्या नागरिकांनी सुरक्षित स्थळी जावं.

या चारही पानांत पावसाचा एक थेंब पडत नाही. बाहेर लख्ख ऊन आहे.